रंग काढण्याआधी टाकी उतरवा

मिशिगन, ओहायो, इलिनॉय, न्यू जर्सी, कुठंही जा. आपल्या मराठी माणसांच्या वस्तीत एखादा तरी जुना शेजारी असतो, ज्याच्या गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली एक लांबलचक गाडी उभी असते. तीस-तीस वर्षं ती हललेली नसते. तिच्यावर मोडक्या खुर्च्या, नाताळची खोकी, नातवंडांच्या सायकली रचलेल्या असतात. मग एक दिवस शेजारी वृद्धाश्रमात जातो, किंवा जगातूनच जातो, आणि त्याची बायको अंगणात येऊन विचारते, "तुम्ही गाड्यांच्या कंपनीत आहात ना? हिचं काय करू?"

डेट्रॉइटच्या आसपास आपली बरीच मंडळी गाड्यांच्याच धंद्यात आहेत, त्यामुळे हा प्रश्न फिरून फिरून आपल्या दारात येतो. मी याच भागात नोकरी करून निवृत्त झालो. दर उन्हाळ्यात मला फोन येतात. "काका, शेजारी १९७० ची शेव्हेल आहे, घेऊ का?" "काका, मस्टँगला रंग द्यायचाय, चांगला पेंटर सांगा ना." त्या सगळ्यांना मी जे सांगतो तेच आज इथं लिहून ठेवतोय.

कृपा करून घाई करू नका. रंग खरवडू नका, सीटचं कापड फाडून टाकू नका, डिकी झाडून सगळं कचऱ्याच्या पेटीत ओतू नका. ही गाडी कारखान्यातून कोणत्या रूपात बाहेर पडली, याचा पुरावा तिच्या अंगावरच लिहिलेला असतो. थोडा कागदावर, थोडा लोखंडावर, थोडा जुन्या रंगाच्या थरात. गाडीची निम्मीअधिक किंमत त्या पुराव्याची असते. नवा रंग कधीही देता येतो, पुसलेला पुरावा मात्र कितीही पैसे मोजले तरी परत मिळत नाही.

मसल कार म्हणजे काय, ते दोन शब्दांत सांगतो. मध्यम आकाराची, साध्या नोकरदाराला परवडेल अशी दोन दारांची गाडी, आणि तिच्या बॉनेटखाली थोराड गाडीचं इंजिन. जनरल मोटर्समध्ये त्या काळी नियम होता, मध्यम गाडीत ३३० क्यूबिक इंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही. पाँटिॲकचे जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ साठी वाट काढली. त्यांनी ३८९ क्यूबिक इंचांचं इंजिन टेम्पेस्ट लेमान्स या गाडीवर 'पर्यायी सामान' म्हणून देऊ केलं. गाडी तीच, मॉडेल तेच, फक्त मागणी नोंदवताना यादीत एक खूण जास्त. त्या पर्यायाचं नाव जीटीओ. पाच हजार खपल्या तरी पुरे असं वाटत होतं, पहिल्याच वर्षी ३२,४५० खपल्या. पुढं सगळेच या शर्यतीत उतरले. शेव्हरलेची शेव्हेल आणि कॅमेरो, फोर्डची मस्टँग, डॉजची चार्जर, प्लिमथची रोड रनर आणि बाराकुडा. आपल्याकडं ज्या काळात पुढं प्रीमियर पद्मिनी झालेल्या फियाटचं इंजिन १,०८९ सीसीचं होतं, त्या काळात क्रायस्लरचं ४२६ हेमी जवळजवळ ७,००० सीसीचं होतं.

हे फार दिवस टिकलं नाही. तरुण पोरांच्या हाती असलेल्या या गाड्यांचा विमा महागला, १९७० चा स्वच्छ हवेचा कायदा आला, १९७१ पासून जनरल मोटर्सनं इंजिनांचं कॉम्प्रेशन उतरवलं आणि १९७३ च्या तेलटंचाईनं उरलीसुरली हौस संपवली. मग कित्येक वर्षं या गाड्या कवडीमोलानं विकल्या गेल्या. पोरांनी शर्यती लावल्या, खांबाला ठोकल्या, मिशिगनच्या रस्त्यावरच्या मिठानं पत्रे खाल्ले. त्यातून ज्या उरल्या त्या आज गॅरेजांत आहेत.

ती 'पर्यायी सामाना'ची युक्ती मात्र लक्षात ठेवा, कारण आजच्या निम्म्या फसवणुकीचं मूळ तिथं आहे.

माझ्यावरच बेतलेली गोष्ट सांगतो. खूप वर्षांपूर्वी मी एक १९७० ची शेव्हेल घेतली. लाल रंग, बॉनेटवर दोन काळे पट्टे, जाळीवर एसएसची पाटी, आत मोठं इंजिन. विकणारा धंद्यातला माणूस होता. 'अस्सल एसएस ३९६', म्हणजे मोठ्या इंजिनाची महागडी शेव्हेल, असं त्यानं तोंडी सांगितलं आणि मी एसएसचा भाव मोजला. पहिल्याच उन्हाळ्यात एका रविवारच्या प्रदर्शनात गाडी उभी केली. एक वयस्कर गृहस्थ आले, बॉनेटकडं त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. समोरच्या काचेतून डॅशबोर्डच्या डाव्या कोपऱ्यातली बारीक पट्टी वाचली आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "हिचा तिसरा आकडा पाच आहे."

१९७० च्या मालिबूचा, म्हणजे शेव्हेलच्याच एका प्रकाराचा, गाडीक्रमांक १३६३७ नं सुरू झाला, तर ती दोन दारांची व्ही-आठ. १३५३७ नं सुरू झाला, तर ती सहा सिलिंडरची. एसएस हा पर्याय फक्त व्ही-आठवर मिळायचा. म्हणजे माझी गाडी कारखान्यातून सहा सिलिंडरची साधी मालिबू म्हणून निघाली होती. मोठं इंजिन, पट्टे, पाट्या, सगळं नंतर चढवलेलं. एका आकड्यानं गाडीचा भाव निम्म्यावर आला. आणि तो आकडा मी गाडी घेताना काचेतून पाहिला होता, फक्त वाचता येत नव्हता.

उलट बाजूही समजून घ्या. क्रमांक १३६ नं सुरू झाला म्हणून गाडी एसएस ठरत नाही, कारण पर्यायी सामान गाडीक्रमांकात उतरतच नाही. १३६३७ साधी मालिबूही असते आणि ४५० हॉर्सपॉवरच्या एलएस६ इंजिनाची गाडीसुद्धा. १९६४ आणि १९६५ च्या जीटीओचंही तसंच, क्रमांक लेमान्सचाच. १९६६ ते १९७१ च्या जीटीओला मात्र २४२ असा स्वतःचा आकडा होता. तेव्हा 'क्रमांक बरोबर आहे' एवढ्यावर पैसे मोजू नका. क्रमांक खोटं पकडून देतो, खरं सिद्ध करायला दुसरा पुरावा लागतो.

तो पुरावा कुठं असतो? आता टाकीकडं येऊ.

आमच्या गल्लीत एक निवृत्त कामगार राहायचे. त्यांची १९७० ची शेव्हेल त्यांनी स्वतः शोरूममधून नवी घेतलेली. ते गेल्यावर त्यांच्या पत्नीनं मला बोलावलं. दारात कचऱ्याचा मोठा डबा आला होता आणि घरची मंडळी गॅरेज रिकामं करत होती. मी पहिल्यांदा तो डबा थांबवला. त्यात एका बुटाच्या खोक्यात डीलरची पावती, ऑइल बदलल्याच्या चिठ्ठ्या आणि वॉरंटीची छोटी पुस्तिका होती. शेव्हरले त्या पुस्तिकेत एक धातूची पट्टी द्यायची. तिच्यावर मालकाचं नाव, गाडीक्रमांक, इंजिनाचा कोड, मागच्या अॅक्सलचा कोड असं सगळं उठवलेलं असायचं. पट्टी जागच्या जागी होती.

मग आम्ही दोघं-तिघांनी मिळून पेट्रोलची टाकी उतरवली. काम सोपं आहे, पण गाडी जॅकवर सोडून खाली जायचं नाही, पक्के स्टँड लावायचे, आधी टाकी रिकामी करायची आणि आसपास ठिणगी नको. टाकी दोन पट्ट्यांवर लटकलेली असते. ती खाली आली तेव्हा तिच्या डोक्यावर एक कागद चिकटलेला होता. तांबूस, कडांना उंदरांनी कुरतडलेला, एका कोपऱ्यात गंजाचा डाग आरपार गेलेला. कारखान्यात गाडी जुळवताना कामगारांनी जो तक्ता वाचायचा तो हा. काम झालं की कोणी टाकीवर टाकायचा, कोणी सीटच्या स्प्रिंगांत खोचायचा. आम्ही तो ओढला नाही. खालून पातळ पट्टी सरकवत, तासभर घालवून उचलला आणि दोन काचांमध्ये ठेवला. गाडीक्रमांक जुळला, आणि एका चौकोनात झेड२५ दिसलं. तो एसएस ३९६ चा कोड. त्या बाईंना आदल्याच आठवड्यात एकानं जुन्या मालिबूचा भाव देऊ केला होता.

म्हणून म्हणतो, रंगाचा विचार करण्याआधी टाकी उतरवा. मागची सीट उचलून स्प्रिंगा तपासा, गालिच्याखाली हात घाला. तक्ता सगळ्यांना सापडत नाही, काही कारखान्यांच्या गाड्यांत तो क्वचितच मिळतो. पण शोधण्याआधीच आतलं सगळं फेकून दिलं, तर शोधायलाच काही उरत नाही.

कंपनीगणिक रीत वेगळी आहे. फोर्डच्या गाडीचा क्रमांक पुष्कळ बोलतो, कारण त्यातलं पाचवं अक्षर इंजिनाचं असतं. शिवाय १९६७ पासूनच्या फोर्ड गाड्यांची उत्पादननोंद केव्हिन मार्टी यांच्या संग्रहात आहे. क्रमांक कळवून फी भरली की ती गाडी कोणत्या रंगाची, कोणत्या इंजिनाची बनली याचा अहवाल मिळतो. पाँटिॲकच्या गाड्यांची कागदपत्रं पीएचएस नावाची संस्था देते, जीटीओ घेताना त्याशिवाय पुढं जाऊ नका. डॉज आणि प्लिमथच्या बॉनेटखाली आतल्या मडगार्डवर एक छोटी पत्र्याची पट्टी असते, तिच्यावर पर्यायांचे कोड असतात. त्यांच्याही क्रमांकात पाचवं अक्षर इंजिनाचं. १९७० मध्ये 'आर' म्हणजे हेमी. शेव्हरलेच्या अमेरिकेत विकलेल्या गाड्यांसाठी असा कारखान्याचा अहवाल मागवायची सोय नाही, म्हणूनच टाकीवरचा तक्ता आणि ती धातूची पट्टी इतकी मोलाची.

'नंबर मॅचिंग' हा शब्द तुमच्या कानावर सतत पडेल. अर्थ असा, की गाडीत आज जे इंजिन आहे तेच कारखान्यात बसवलेलं होतं. १९६८ पासून जनरल मोटर्सनं इंजिनावर गाडीक्रमांकाचे शेवटचे आकडे ठोकायला सुरुवात केली. शेव्हरलेच्या व्ही-आठ इंजिनावर प्रवाशाच्या बाजूच्या हेडच्या पुढं एक सपाट जागा असते, तिथं इंजिनाचा कोड आणि जुळवणीची तारीख सापडते. सुरुवातीला 'टी' असेल, तर इंजिन न्यूयॉर्क राज्यातल्या टोनावांडा कारखान्यातलं. याशिवाय ब्लॉक ओतला त्या दिवसाची तारीख ओतकामातच उठलेली असते, 'ए' म्हणजे जानेवारी, 'बी' म्हणजे फेब्रुवारी. आधी ब्लॉक ओतला जातो, मग इंजिन जुळतं, मग गाडी. गाडी फेब्रुवारीत बनली आणि ब्लॉक एप्रिलमध्ये ओतला, असं दिसलं तर आईच्या आधी लेक जन्मल्यासारखं झालं. तिथंच व्यवहार थांबवा.

खोटे आकडे ठोकणारेही आहेत. त्यावर एक उपाय आहे. टॉर्च आडवी धरून त्या सपाट जागेकडं बघा. कारखान्यातल्या यंत्रानं तासताना तिथं केसासारख्या बारीक समांतर रेघा उमटलेल्या असतात. जागा आरशासारखी गुळगुळीत असेल किंवा घासल्याच्या आडव्यातिडव्या खुणा असतील, तर कोणीतरी तिथं हात चालवलाय असं समजा. कधी इंजिन दुरुस्त करताना प्रामाणिकपणेही ती जागा तासली जाते. पण पुरावा गेला तो गेलाच. म्हणून तुमचं इंजिन वर्कशॉपमध्ये देताना त्या जागेचे फोटो काढा आणि 'इथं तासायचं नाही' असं लिहून द्या. तोंडी सांगितलेलं विसरलं जातं. आणि डॅशबोर्डवरची क्रमांकाची पट्टी तर कोणत्याही कारणानं काढायची नाही, रंगासाठीसुद्धा नाही. ती बदलणं किंवा तिच्याशी छेडछाड करणं अमेरिकेत गुन्हा आहे.

आता जुन्या रंगाबद्दल. १९६८ च्या 'बुलिट' चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीन यांनी चालवलेली हिरवी मस्टँग १९७४ साली न्यू जर्सीतल्या एका कुटुंबानं सहा हजार डॉलरना घेतली. घरातली बाई ती रोजच्या कामाला वापरायची. १९८० मध्ये क्लच गेला आणि गाडी गॅरेजमध्ये उभी राहिली. १९७७ मध्ये खुद्द मॅक्वीन यांनी पत्र लिहून ती परत मागितली होती, पण कुटुंबानं दिली नाही. २०१८ मध्ये डेट्रॉइटच्या मोटार प्रदर्शनात ती लोकांसमोर आली तेव्हा रंग फिका पडलेला, पत्र्यावर गंजाचे डाग, चित्रीकरणासाठी कॅमेरा बसवायला केलेली जोडकामं खाली तशीच. तिचा क्रमांक ८आर०२एस१२५५५९. पहिला आठ म्हणजे १९६८, आर म्हणजे सॅन होजेचा कारखाना, ०२ म्हणजे उतरत्या छपराची, एस म्हणजे ३९० चं इंजिन. १० जानेवारी २०२० ला फ्लोरिडात किसिमी इथल्या लिलावात ३४ लाख डॉलरवर हातोडा पडला, लिलावाची फी धरून ३७ लाख ४० हजार. त्या कुटुंबानं मधल्या काळात हौसेनं पत्रा बदलून, ती जोडकामं कापून, चकचकीत हिरवा रंग मारला असता, तर तिची ओळख पटवायला काय उरलं असतं? तुमच्या गाडीत कोणी सिनेनट बसलेला नसेल. पण जुना रंग, जुनी काच, जुनं कापड यांचं म्हणणं तिथंही तेच असतं.

मग काहीच करायचं नाही का? करायचं, पण क्रमानं. आधी गाडी धुवा, हळू हातानं. साठच्या दशकातल्या जनरल मोटर्सच्या गाड्यांवर ॲक्रिलिक लॅकरचा पातळ थर असायचा. तो मेलेला दिसला तरी पॉलिशनं पुष्कळदा जागा होतो. धुवून, पॉलिश करून महिनाभर रोज बघा. कित्येकांचा रंग द्यायचा बेत तिथंच सुटतो.

गंजाला मात्र माया दाखवू नका. घेण्याआधी खिशात एक छोटं लोहचुंबक ठेवा, रुमालात गुंडाळून, म्हणजे रंगावर ओरखडा पडणार नाही. मागच्या चाकांभोवतीचा पत्रा, दारांच्या खालच्या कडा, मागच्या काचेखालची पन्हळ, डिकीचा तळ. जिथं चुंबक चिकटत नाही तिथं पत्रा नसून पुट्टी आहे. छपरावर व्हिनाइलचं कापड असेल, तर त्याखाली पाणी मुरलेलं असण्याची शक्यता जास्त. मस्टँगला समोरच्या काचेच्या पुढं हवेची जाळी असते. तिच्यात तांब्याभर पाणी ओता आणि कोणाला तरी आत पायांशी बघायला सांगा. पाणी ठिबकलं, तर काम मोठं आहे. शेव्हेलला खाली स्वतंत्र चासी असते, ती मागच्या बाजूला कुजते. मस्टँगला वेगळी चासी नाही, तळाचा पत्राच भार उचलतो, म्हणून तिथला गंज दिसण्यापुरता नसतो, जिवाशी गाठ असते. गाडी लिफ्टवर घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. विकणारा लिफ्टला नाही म्हणाला, तर नमस्कार करून घरी या.

उभी गाडी सुरू करण्याची उत्सुकता समजते. तरी किल्ली फिरवू नका. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडा, एक-दोन दिवस मुरू द्या, मग क्रँकची पुली पान्यानं हातानं फिरवा. अडकली तर जोर करायचा नाही. जुनं पेट्रोल, रबरी नळ्या, ब्रेकचं तेल सगळं बदला. आजच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुनं रबर खातं. आणि गाडी सुरू होण्याआधी ती थांबते का ते बघा. १९६६ पर्यंतच्या बहुतेक गाड्यांत ब्रेकचा एकच मार्ग असे, एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले. दोन मार्गांचा मास्टर सिलिंडर बसवून घ्या, जुना भाग डब्यात ठेवा. यात गाडीची किंमत घटत नाही, आणि घटली तरी बसवा. टायरची नक्षी नवीकोरी दिसली तरी बाजूवरचे चार आकडे वाचा. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. दहा वर्षांपलीकडच्या टायरवर मुलांना बसवून हायवेला जाऊ नका.

आणखी एक, हे आपल्या घरातल्यांसाठी. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. ड्रम उघडल्यावर ती धूळ हवेच्या नळीनं उडवू नका, कोरड्या फडक्यानं झाडू नका. ओली करून पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. जुन्या रंगात आणि पत्र्याच्या सांध्यांत शिसं असतं. पोरं घरात असताना गॅरेजमध्ये पॉलिश पेपर चालवायचा नाही, आणि ते कपडे घरच्या धुण्यात टाकायचे नाहीत.

आता भावाचं बोलू. 'टीव्हीवर एवढ्याला गेली' ही तुलना सोडून द्या. १९७१ ची हेमी कुडा उघड्या छपराची जेमतेम डझनभर बनली. त्यातली एक २०१४ मध्ये पस्तीस लाख डॉलरच्या घरात गेली, म्हणून शेजारच्या साध्या बाराकुडाचा भाव वाढत नाही. १९६९ ची झेडएल१ कॅमेरो ६९ च बनली, साध्या कॅमेरो लाखांनी. भाव काढताना लोक मागतात ते आकडे बघू नका, प्रत्यक्ष विकल्या गेल्याचे बघा, आणि लिलावाचा आकडा फीसकट आहे की फीविना तेही विचारा. मिशिगनच्याच ट्रॅव्हर्स सिटीतली हॅगर्टी ही विमा कंपनी गाड्यांचे चार दर्जे करून भाव प्रसिद्ध करते. पहिला दर्जा स्पर्धेत पहिली येईल अशा गाडीचा, चौथा चालणाऱ्या पण डागाळलेल्या गाडीचा. आपली गाडी प्रत्येकाला दुसऱ्या दर्जाची वाटते. तिसऱ्यात धरा, म्हणजे चूक होणार नाही. हॉर्सपॉवरचे आकडेही सरळ ताडून बघू नका. १९७२ पासून मोजायची पद्धत बदलली, इंजिनावर सगळी जोडणी चढवून मोजू लागले. १९७० चं एलएस६ चं ४५० आणि १९७२ च्या ४५४ चं २७० हे दोन वेगळ्या तराजूंतले आकडे आहेत.

पूर्ण रिस्टोरेशन हे पैसे कमावण्याचं साधन समजून हातात घेऊ नका. पत्राकाम, रंग, क्रोम, इंजिन, आतलं कापड असं सगळं बाहेरून करून घेतलं, तर खर्च सहसा गाडीच्या किमतीपुढं जातो. सगळ्यात वाईट गत अर्धवट सोडलेल्या गाडीची होते. इंजिन एका गावात, दारं दुसऱ्याकडं, नट-बोल्ट एका बादलीत. अशी गाडी सुट्या सामानाच्या भावानं जाते. म्हणून एका वेळी एकच अंग उघडा. ब्रेक पुरे करा, मग इंजिन, मग वायरिंग. गाडी मधूनमधून चालत राहिली पाहिजे. काढलेला प्रत्येक बोल्ट चिठ्ठी लावून पिशवीत, आणि काढण्याआधी फोटो. बदललेला जुना भाग, मग तो फुटका कार्बोरेटर का असेना, फेकायचा नाही. गाडी विकताना तोही बरोबर द्यायचा.

नवं इंजिन, एसी, डिस्क ब्रेक घालून रोज चालवायची हौस असेल, तर मी तुमच्या विरोधात नाही. त्यासाठी सहा सिलिंडरची, मूळ इंजिन हरवलेली गाडी घ्या आणि मनासारखी करा. अस्सल, कागदांसकट टिकलेली गाडी त्यासाठी कापू नका. आणि नक्कल बनवली असेल, तर विकताना ती नक्कल आहे असं कागदावर लिहून द्या. माझी लाल शेव्हेल मी तशीच विकली. पाट्या उतरवून, सहा सिलिंडरची मूळ गाडी असं बिलावर नोंदवून. तोटा झाला. पण पुढच्या माणसाला प्रदर्शनात कोणी बाजूला घेऊन काही सांगायची वेळ आली नाही.

विमा घेताना 'ठरलेल्या किमतीचा' घ्या. साध्या पॉलिसीत कंपनी अपघातानंतर किंमत ठरवते आणि पन्नास वर्षांची झीज वजा करते. ठरलेल्या किमतीच्या पॉलिसीत आकडा आधी लिहिला जातो. त्यासाठी फोटो आणि कागद लागतात, म्हणजे पुन्हा तेच बुटाचं खोकं.

आणि आता मला सगळ्यात आतून वाटतं ते. या गाड्या आज बऱ्याचदा ऐंशीच्या घरातल्या माणसांकडं, नाहीतर त्यांच्या मागं राहिलेल्या बायकांकडं आहेत. त्या बाईला झेड२५ म्हणजे काय ते ठाऊक नसतं. तुम्हाला हे वाचून ठाऊक झालं. गाडी घ्यायला गेलात आणि तुम्हाला तिच्या क्रमांकात काही दिसलं, तर ते तिला आधी सांगा, मग भाव बोला. तुमची ऐपत नसेल, तर जाणकार माणूस आणून द्या. आमच्या गल्लीतल्या त्या बाईंची गाडी शेवटी ओहायोतल्या एका शिक्षकानं योग्य भावानं घेतली. रंग अजून जुनाच आहे, टाकीवरचा कागद फ्रेममध्ये आहे, आणि दर उन्हाळ्यात तो त्यांना गाडीतून चक्कर मारून आणायला येतो.

मालक हयात असतील, तर फोनवर रेकॉर्डिंग चालू करून त्यांच्याशी बोला. कोणत्या डीलरकडून घेतली, किती दिले, इंजिन कधी उघडलं, कुठं ठोकली, कोणता रंग होता. घाई न करता विचारा, त्यांना दुसऱ्याच गोष्टी सांगायच्या असतील तर सांगू द्या. ऑगस्टचा तिसरा शनिवार मोकळा ठेवा. १९९५ पासून त्या दिवशी डेट्रॉइटच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची रांग लागते आणि मूळ मालक आपल्या गाडीशेजारी घडीची खुर्ची टाकून बसतात. त्यांना बॉनेट उघडायला सांगू नका. शेजारी बसा आणि विचारा, "आजोबा, ही तुम्ही नवी घेतली का?"